तिसरा पुकारा

मार्चचा दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. तालुक्याच्या जुन्या कोर्टाचा व्हरांडा. हजर : नाझर, दोन कनिष्ठ लिपिक, एक बेलिफ, तीन शिपाई, सहा हमाल, एक ट्रॅक्टरवाला आणि मी, म्हणजे कार्यालयाची अधीक्षक. न्यायाधीश साहेब दहा मिनिटं येऊन गेले.

सामान हलवायचा दिवस होता. सोमवारपासून कामकाज बायपासजवळच्या नव्या इमारतीत सुरू व्हायचं होतं. माझ्या हातात चार पानांची यादी होती आणि दुपारी एकपर्यंत तीन पानांवर खुणा झाल्या होत्या. अडलं ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी. सागवानी, कमरेएवढा उंच, कठडा लोकांचे हात लागून लागून गुळगुळीत झालेला. तो दारातून बाहेर निघेना. उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला, तिरपा केला. हमालांचा म्होरक्या कपाळ पुसत म्हणाला, "म्याडम, पिंजरा आंधी ठेवला आन् दार मांगून बशवलं का?"

बाकी कोणाला माहीत नव्हतं. नाझर हळूच म्हणाले, "आज मामा पाहिजे होते."

हमाल थांबले, त्यांना वाटलं मामा येणार आहेत.

मला उत्तर माहीत होतं, कारण मामांनी ते मला सांगितलं होतं आणि मी वहीत लिहून ठेवलं होतं. पिंजरा सुताराने आतच बसून केला. त्यात खिळा एकही नाही, नुसत्या लाकडी खुंट्या आहेत. खुंट्या ठोकून बाहेर काढल्या की फळ्या सुट्या होतात. तसं केलं. अर्ध्या तासात पिंजरा ट्रॅक्टरवर चढला आणि माझ्या यादीत ती खूण झाली.

मामा म्हणजे आमचे पुकारा देणारे शिपाई. तुम्ही कधी कोर्टात गेला असाल तर पुकारा ऐकला असेलच. नसाल तर सांगते. खटला निघाला की दारात उभं राहून पक्षकाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदाही कोणी ओ दिली नाही तर माणूस गैरहजर. मग दावा त्याने लावलेला असेल तर तो तिथंच निकालात निघू शकतो. वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट, पण कोणी ओ देतो की नाही एवढ्यावर थांबते.

हाक मारणारा माणूस हात तोंडाशी नेतो. मामा कानाशी नेत. नाव पुकारून झालं की डावा तळवा कानामागे धरायचा, मान जरा वाकडी करायची आणि थांबायचं. मी वाशीमहून बढतीवर इथं आले तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि विचारलं, "मामा, ऐकायला कमी येतं का?"

"नाई बाई. वरडणं का, कोनालेबी येते. ओ कुठून आली ते आयकू आलं पाह्यजे."

त्यांचा पुकारा तीन जागांवरून होई. पहिला कोर्टाच्या दारातून. दुसरा काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरून, कडुनिंबाकडे तोंड करून. तिसऱ्याला ते इमारतीला वळसा घालून मागे जात आणि तिथून हाक देत. तेवढा वेळ आत न्यायाधीश, वकील, आम्ही, सगळे बसून राहायचो. मागून बारीक आवाज यायचा, मग मामा सावकाश परत यायचे. कधी एकटे, कधी पाठीमागे एखादी बाई, पदर सारखा करत, हातात पिशवी.

पुण्याकडून आलेले एक तरुण न्यायाधीश होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी घड्याळाकडे पाहत विचारलं, "मामा, तुम्ही जाता कुठं?"

"मांगं जातो साहेब."

"कशाला?"

"मांगचीबी बाजू कोर्टातच येते नं, साहेब."

साहेब हसले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

मामा नावंही कागदावर होती तशी घेत नसत. कागदावर असायचं अमुक जौजे, म्हणजे बायको, तमुक, वय, धंदा शेती, राहणार अमुक गाव. मामा आधी तेच म्हणत, मग गावाचं नाव ओढून म्हणत, आणि तरी कोणी उठलं नाही तर घरचं नाव. ते त्यांना कुठून कळायचं कोण जाणे. एकदा सत्तरीचे एक गृहस्थ तीन हाकांना उठले नाहीत. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बापू, तुमालेच बलावून राह्यलो."

"माहं नाव बापूच हाये," म्हातारा म्हणाला. "ते लंबं नाव कोनाचं घेऊन राह्यले तुमी?"

तारखा देतानाही साहेब त्यांच्याकडे बघत. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे पक्षकार असले आणि तारीख पोहरादेवीच्या यात्रेत पडत असली तर मामा दारातूनच मान हलवत. सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत रिसोडकडची तारीख पडली तरी तेच. "देऊन पाहा साहेब. येईन कोन?" वकील चेष्टा करायचे, "मामा, तुम्हीच निकाल द्या आता." मामा म्हणायचे, "द्याले काय. पन दोन्ही पार्ट्या मंग माह्या घरी येतीन भांडाले."

नव्या इमारतीची पायाभरणी ठरली तेव्हा एक पुस्तिका काढायचं ठरलं. त्यात जुन्या इमारतीच्या इतिहासाचं एक पान हवं होतं आणि ते माझ्याकडे आलं. मी रीतसर सुरुवात केली. अभिलेख कक्षात लाल फडक्यातले बस्ते सोडले, बांधकाम खात्याला पत्र लिहिलं, वाशीमला जाऊन एक दिवस घालवला. हाती आलं ते फार थोडं. वऱ्हाड इंग्रजांकडे असतानाची इमारत, एवढं नक्की. कोनशिला दाराशेजारच्या भिंतीत होती, पण दरवर्षी पंधरा ऑगस्टला चुना मारून मारून तिची अक्षरं बुजली होती.

"मामा, यावर काय लिहिलंय ठाऊक आहे?"

"मले इंग्रजी येत नाही. पन बोट फिरवलं का आखरं लागतात," ते म्हणाले. त्यांनी माझं बोट धरून चुन्याखालच्या खोलगट रेषांवरून फिरवलं. मला एक अक्षर लागलं नाही.

मग म्हणाले, "चाला, दाखवतो."

दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला इमारतीभोवती फिरवलं. मी वही घेऊन मागे. न्यायाधीशांच्या खुर्चीमागच्या भिंतीत एक भोक होतं, मी ते विजेच्या वायरीचं समजत होते. ते पंख्याच्या दोरीचं निघालं. वर कापडाचा पंखा होता, पलीकडच्या खोलीत एक माणूस बसून दिवसभर दोरी ओढायचा. "त्याले आत काय चाललं दिसत नोयतं. निस्तं आयकू येये. सारे खटले पाठ होते म्हनतात त्याले." भिंतीची जाडी त्यांनी खिडकीत हात घालून दाखवली, कोपरापासून बोटापर्यंत दोन वेळा. दोन हात. दगड आणि चुना. उन्हाळ्यात आत गारवा राहायचा तो त्यामुळे.

मागे गेल्यावर त्यांनी एक दगडी डोणी दाखवली. लांबट, काठ झिजलेले. साहेबांचे घोडे तिथं बांधत आणि त्या डोणीत पाणी पीत. घोडे गेले, डोणी राहिली. डोणी होती म्हणून पुढे तिथंच हातपंप बसवला. हातपंप होता म्हणून पुढे तिथंच टाकी आली. आणि पाणी होतं, भिंतीची सावली होती, म्हणून बाया तिथं बसत.

त्या दिवशीही आठ-दहा जणी बसल्या होत्या. कोणी भाकर सोडलेली, कोणी भिंतीला टेकून डोळे मिटलेले. मी मामांना विचारलं, पुढे झाडाखाली बाकं आहेत, तिथं का बसत नाहीत.

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "पुढं मानसं बसतात नं, बाई. बिड्या फुकतात. आन् ज्याच्याशी कज्जा हाये तोबी थितंच बसेल राह्यते. दिरावर दावा टाकेल बाई दिराच्या म्होरं भाकर कशी खाईन?"

मी अठ्ठावीस वर्षं कोर्टात नोकरी केली होती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांच्या लक्षात कसं आलं, तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या आधी पुकारा देणारे जे होते त्यांनी यांना पहिल्या दिवशी कामाला लावलंच नाही. नुसतं इमारतीभोवती फिरवलं, मागे आणून उभं केलं आणि आत जाऊन दारातून हाक दिली. मग बाहेर येऊन विचारलं, काय ऐकलंस? यांनी सांगितलं, काहीच नाही. "मंग म्हने, बस, हेच काम हाये तुहं."

हे सगळं मी वहीत घेतलं. पुस्तिकेसाठी मात्र लांबी, रुंदी, दगड, कौलं आणि पंख्याची दोरी एवढंच लिहिलं. समितीने त्यातलंही अर्धं काढलं.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही. तरी या माणसाबद्दल लिहायचं तर ते गाळता येत नाही.

त्याच वर्षी मी कार्यालयीन सुधारणांची एक यादी केली. त्यात सातवी बाब होती पुकारा. मामांच्या तिसऱ्या फेरीला चार मिनिटं लागत. दिवसाला किती फेऱ्या, महिन्याला किती, हा हिशेब मी मांडला आणि व्हरांड्यात भोंगा बसवायची टिपणी साहेबांपुढे ठेवली. तोवर पुण्याचे साहेब बदलून गेले होते, नव्या साहेबांना टिपणी आवडली. भोंगा आला. यात माझा दुसराही एक हेतू होता, तो खरा होता : मामांचे गुडघे दुखत. पायऱ्या उतरताना ते कठडा धरू लागले होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

पहिल्या दिवशी माईक हातात घेऊन त्यांनी नाव पुकारलं आणि सवयीने दुसरा हात कानामागे नेला. मग ते म्हणाले, "बाई, मांगं आयकू जात नाई."

"मामा, भोंगा आहे तो. अर्ध्या गावात ऐकू जाईल."

"गावात जाईन. मांगं जात नाई. भित मधात येते."

मी कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडत नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एका लिपिकाला माईकवर उभं केलं, स्वतः मागे डोणीपाशी जाऊन थांबले आणि नाव ऐकलं. स्पष्ट ऐकू आलं. यादीत खूण केली. सुट्टीच्या दिवशी मागे टाकीची मोटर चालू नव्हती, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं जनरेटर चालू नव्हतं, बाया बोलत नव्हत्या, कोणाचं लेकरू रडत नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

तरी मामा दोन-तीन आठवडे माईकवर पुकारून शिवाय मागेही जाऊन येत. एक दिवस मीच त्यांना थांबवलं. "एकच काम दोनदा कशाला करता? भोंगा कशासाठी बसवला मग? बसा खुर्चीवर."

ते बसले. मी वरिष्ठ होते.

कौसाबाई नावाची एक बाई होती. पैनगंगेच्या अंगाला तिचा भाजीपाल्याचा छोटा मळा, नवरा गेलेला. विहीर सामाईक, आणि दीर तिला पाण्याची पाळी देत नव्हता. त्याच्यावर तिने दावा लावला होता. तारखेला ती सकाळच्या पहिल्या गाडीने यायची, बाजारात मेथी-पालक देऊन टाकायची आणि मागे येऊन बसायची. त्या दिवशी तिचे वकील वाशीमला अडकले होते. साडेअकराच्या सुमारास तिचं प्रकरण निघालं. मामांनी माईकवर तीनदा पुकारलं. कोणी उठलं नाही. दीर मात्र पुढच्या बाकावर बसला होता, तो लगेच उठून हजर झाला. साहेबांनी सांगितलं आणि मी रोजनाम्यात नोंद केली : वादी गैरहजर, दावा काढून टाकण्यात येतो.

अडीच वाजता ती माझ्या खिडकीशी आली. "बाई, माहा नंबर कवा लागते? चारची गाडी हाये मले."

मामा माझ्या टेबलाजवळच उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी फाइल चाळायला लागले. तेच तिला म्हणाले, "कौसाबाई, तू कुठं होती?"

"मांगंच तं होतो. सकाळपासून बसेल हावो. तुमी आले नाई आज?"

मामा म्हणाले, "बस तू. आज चारच्या गाडीनं जाऊ नोको." आणि ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

आत काय झालं ते नंतर साहेबांनीच मला सांगितलं. मामा म्हणाले होते, बाई हजर होती, पुकारा तिच्यापर्यंत गेला नाही, चूक माझी. साहेब म्हणाले, तसं असेल तर तिच्या वकिलाने दावा पुन्हा घेण्याचा अर्ज द्यावा, आणि तुम्हाला तेच लेखी द्यावं लागेल. लेखी दिलं तर तुमच्यावर येईल. मामा म्हणाले, देतो.

अर्जावर सुनावणी झाली. मामा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी हजारो लोकांना तिथं बोलावलं असेल, स्वतः पहिल्यांदाच चढले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. दिराचे वकील तयारीने आले होते. त्यांनी विचारलं, तुम्ही इतकी वर्षं मागे जाऊन पुकारा देता, मग त्या दिवशीच का नाही दिला? कोणी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं का?

मी तिथंच, साहेबांच्या आसनापुढच्या टेबलाशी बसले होते. पेन हातात होतं.

मामा म्हणाले, "पुकारा देनं माहं काम हाये. दुसऱ्या कोनाचं नाव कायले पुसता?"

"विचारलं त्याचं उत्तर द्या."

"तेच देऊन राह्यलो. तिसरा पुकारा मी मांगं जाऊन देल्ला नाई. बाई थितंच होती."

कोर्टात थोडा हशा पिकला. साहेबांनी पुढे विचारू दिलं नाही. मी उठून उभी राहू शकले असते. साहेब, ती सूचना माझी होती, एवढं म्हणायला दहा सेकंद पुरले असते. मी उठले नाही. साक्ष लिहून घेतली गेली आणि मामांनी खाली सही केली, एकेक अक्षर वेगळं काढत.

दावा पुन्हा दाखल झाला. पुढे त्यात तडजोड झाली आणि कौसाबाईला आठवड्यातून तीन दिवस पाणी मिळालं. ती सोबत फुलकोबी घेऊन आली होती. मामांनी घेतली नाही, म्हणाले, "कोर्टात काई घेत नसतात, बाई. बजारात ईक."

मामांना मात्र कारणे दाखवा नोटीस निघाली. उत्तर त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं, दोन ओळींचं. ताकीद मिळाली. तिची नोंद सेवापुस्तकात मी केली, माझ्याच अक्षरात. त्याआधी त्या पुस्तकात शेऱ्यांची सगळी पानं स्वच्छ होती.

भोंगा पुढच्या आठवड्यात बिघडला. म्हणजे मी त्याची वायर काढली आणि दुरुस्तीची टिपणी ठेवलीच नाही. मामा पुन्हा मागे जायला लागले. मला त्यांनी त्या विषयावर एक शब्द कधी विचारला नाही. पूर्वीसारखेच टेबलापाशी येऊन चहा पीत, पूर्वीसारखेच माझ्या याद्यांना हसत. "बाई, उद्या कोनता वार हाये तेबी लिवून ठेवता का?" मला त्यांचं हे वागणं रागावण्यापेक्षा जड जायचं.

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, फोटो, सगळं यादीप्रमाणे झालं. सगळे पांगल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "एक काम हाये तुमच्याकडं."

मला वाटलं पेन्शनचं.

"माह्या बुकात तुमी काय लिवलं ते वाचून दाखवा."

मी कपाटातून सेवापुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. पुकारा देण्याच्या कामी निष्काळजीपणा केल्याबद्दल ताकीद देण्यात येते. त्यांनी डावा हात कानामागे धरून ऐकलं.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "आता आजून एक कागद करा. मांगं जाऊन पुकारा द्यावा, असा. साहेबाच्या सहीचा. मले माह्या आंधीच्यानं फिरून दाखवलं. माह्या मांगून येईन त्याले दाखवाले मी काई इथं राह्यनार नाई. कागदावर असलं तं तुमी लोकं आयकता."

"करते, मामा. या महिन्यात करते."

"काही घाई नाई. पन करा."

मी केलं नाही. आधी साहेब बदलले. मग नव्या इमारतीचं काम वेगाने सुरू झालं आणि मी स्वतःला सांगितलं की आता आदेश काढून उपयोग काय, तिथं मागची बाजू वेगळी असेल. मामांच्या जागी आलेला शिपाई चांगला आहे, जुन्या इमारतीत त्याला मी तोंडी सांगितलं होतं, तो आठवण झाली की मागे जायचा.

मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. तेरवीला मी गेले होते. त्यांच्या बायकोने मला बसायला चटई टाकली, पाणी दिलं आणि म्हणाली, "शेवटशेवट तुमचीच आठवन काढत होते. तुमचा कागद आला का, म्हनून पुसत. मी म्हनलं पोस्टानं येईन. कायचा कागद होता, बाई?"

मी म्हटलं, ऑफिसचा होता.

नव्या इमारतीत सगळं आहे. पहिल्या मजल्यावर कोर्ट, बाहेर स्टीलच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा. पडद्यावर प्रकरणाचा क्रमांक येतो आणि एक ध्वनिमुद्रित आवाज तो वाचतो. स्वच्छ आवाज आहे. उत्तर ऐकायला तो थांबत नाही. पिंजऱ्याच्या फळ्या पुन्हा जोडून आत ठेवल्या आहेत. लिफ्ट आहे, ती चालतेही. पावणेअकराला मी टेबलाशी बसते आणि माझे कान अजून कोणाच्या तरी येण्याजाण्याकडे असतात. नाव पुकारल्यानंतर जी शांतता असायची, आणि इमारतीला वळसा घालून जाणारी ती चपलांची फरफट, त्यांची इतकी सवय झाली होती हे मला तिथं असताना कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी खिडकीतून पाहिलं. बाया वर आल्या. स्टीलच्या खुर्च्या पाहिल्या, तिथं बसलेली माणसं पाहिली, थोडा वेळ जिन्यापाशी उभ्या राहिल्या. मग एक खाली उतरली, तिच्यामागे बाकीच्या. त्या इमारतीच्या पूर्वेला गेल्या. तिथं पाण्याची टाकी आहे आणि भिंतीला टेकून बसण्यापुरता ओटा आहे. त्यांना कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. तिथून पडदा दिसत नाही आणि आवाज जात नाही. हे मी या वेळी कामाच्या दिवशी, मोटर चालू असताना, स्वतः तिथं उभं राहून तपासलं.

सध्या मी दिवसातून तीन-चार वेळा खाली जाते. मला मोठ्याने पुकारता येत नाही, आवाज चिरकतो. मी जवळ जाऊन एकेकीला विचारते, कोणत्या गावच्या, कोणाशी दावा. त्या आधी घाबरतात, मग सांगतात. एक जण म्हणाली, "तुमी कोन हावो?" मी म्हटलं, पुकारा देणारी.

पण जूनमध्ये माझी बदली आहे. त्यानंतर खाली कोण जाईल?

म्हणून आदेशाचा मसुदा काढला आहे. आदेशाचा भाग तयार आहे : पक्षकाराचा पुकारा दालनाच्या दारातून, तळमजल्यावरून आणि पूर्वेच्या ओट्यावर जाऊन असा तीन ठिकाणी देण्यात यावा, त्याशिवाय पक्षकारास गैरहजर समजण्यात येऊ नये. पण आदेश का काढायचा, हे टिपणीत वर लिहावं लागतं. आधी काय घडलं, पुकारा मागे देणं कधी आणि कोणाच्या सूचनेवरून बंद झालं होतं. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, प्रशासकीय सोयीसाठी. दुसऱ्यात, तांत्रिक कारणामुळे. तिसऱ्यात, संबंधित शिपायाच्या नजरचुकीने, आणि ते पान मी फाडलं. चौथ्यात काही कारणास्तव.

आज शुक्रवार. साहेबांपुढे टिपणी सोमवारी ठेवायची आहे. सोबत ताकीद मागे घेण्याची विनंतीही जोडायची आहे, त्यासाठी सेवापुस्तक वाशीमहून मागवावं लागेल. पाचवा मसुदा समोर आहे. विषय लिहिला, आदेश लिहिला, खाली माझं नाव आणि पदनाम टाकलं. मधली ती एक ओळ अजून मोकळी आहे.